नीट बोल



भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'प्रमाणभाषा' आणि 'बोली' ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी असतात. परीक्षेत त्यांतील फरक विचारला जातो. तुम्ही चार मुद्दे लिहिता आणि माझ्यासारखे शिक्षक त्यांना गुण देतात. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी हे काम करीत आले आहे. परंतु हा फरक घरात कसा शिरतो आणि आई व मुलीच्या मध्ये कसा येऊन बसतो, हे कळण्यासाठी मला जपानच्या उत्तरेकडील एका खेड्यापर्यंत जावे लागले. त्या प्रवासाविषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

माझी मुलगी सेन्दाई या शहरात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही तिघे तिच्याकडे गेलो होतो : मी, माझे यजमान आणि माझी शहात्तर वर्षांची आई. आई मोर्शी तालुक्यातली. संत्र्याच्या बागेत तिचे आयुष्य गेले. गेली काही वर्षे ती पुण्यात आमच्याकडे असते. मुलीने पाच दिवसांसाठी मोटार भाड्याने घेतली आणि आम्ही उत्तरेकडे निघालो. जपानमध्येही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे शेजारी बसलेल्या यजमानांना गाडी चालवणाऱ्या मुलीला सूचना देण्याचा अधिकार आपोआप प्राप्त झाला.

होन्शु या मुख्य बेटाच्या उत्तर भागाला 'तोहोकु' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'पूर्व-उत्तर', म्हणजे आपली ईशान्य दिशा. सहा प्रांतांचा हा प्रदेश भाताचा, डोंगरांचा आणि हिमवर्षावाचा. आम्ही गेलो तेव्हा कापणी होऊन गेली होती. काही शेतांत भाताच्या पेंढ्या उभ्या खांबांभोवती रचून वाळत ठेवलेल्या होत्या. धुक्यातून गाडी जाताना असे वाटे, की घोंगडी पांघरलेली माणसे ओळीने उभी आहेत. वाटेत ठिकठिकाणी 'मिची-नो-एकी' लागतात. याचा अर्थ 'रस्त्यावरील स्थानक'. १९९३ पासून जपान सरकारने ही योजना चालवली असून आज देशभर अशी बाराशेंहून अधिक स्थानके आहेत. वाहनचालकाने थांबावे, विसावा घ्यावा आणि परिसरातील शेतकऱ्यांचा माल विकत घ्यावा, अशी ही सोय. भोपळ्यावर, मुळ्याच्या जुडीवर तो पिकवणाऱ्याचे नाव चिकटवलेले असते. आईला ही गोष्ट फार आवडली. माझे लक्ष मात्र एका कोपऱ्यातल्या सुती पंचांवर गेले. त्यांवर स्थानिक बोलीतील शब्द आणि समोर त्यांचे प्रमाण जपानी अर्थ छापलेले होते. बोली जिभेवरून उतरू लागली, की ती भेटवस्तूंच्या दुकानात दिसू लागते.

तोहोकुच्या बोलीला जपानमध्ये 'झूझूबेन' असे चिडवण्याचे नाव आहे. 'शि' आणि 'सु' हे उच्चार तेथे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे 'सुशी', काजळी या अर्थाचा 'सुसु' आणि सिंह या अर्थाचा 'शिशी' हे तिन्ही शब्द कानाला एकच वाटू शकतात. चित्रपटांत, दूरचित्रवाणीवर एखादे भाबडे, अडाणी पात्र आणायचे, की त्याच्या तोंडी पुष्कळदा ही बोली घातली जाते. आपल्याकडील नाटक-चित्रपटांतला गडी कोणती मराठी बोलतो, ते तुम्ही आठवून पाहा.

ही कुचेष्टा आपोआप निर्माण झालेली नाही. मेइजी काळात सारे राष्ट्र एका भाषेत बोलावे, असे राज्यकर्त्यांना वाटू लागले. जर्मनीत शिकून आलेले भाषाभ्यासक उएदा काझुतोशी यांनी टोकियोच्या सुशिक्षित बोलीवर आधारलेल्या प्रमाणभाषेचा पुरस्कार केला. १९०२ मध्ये सरकारने राष्ट्रभाषेसाठी समिती नेमली आणि १९०४ पासून सर्व देशासाठी एकच सरकारी वाचनमाला लागू झाली. तिच्या पहिल्या पुस्तकाचा आरंभ 'इ, ए, सु, शि' या चार अक्षरांनी होतो. सोबत खुर्ची, फांदी, चिमणी आणि दगड यांची चित्रे. वर्णमालेचा नेहमीचा क्रम सोडून हीच अक्षरे का घेतली? कारण याच उच्चारांत तोहोकुची मुले 'चुकत' असत. सहा वर्षांचे मूल शाळेत गेले, की पुस्तकाचे पहिलेच पान त्याला सांगे : तुझ्या घरी बोलतात ते बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोनोला पोहोचलो. डोंगरांनी वेढलेले हे छोटे गाव लोककथांसाठी प्रसिद्ध आहे. जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया घालणारे यानागिता कुनिओ यांचे 'तोनो मोनोगातारी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील कथा तोनोजवळच्या सासाकी किझेन या तरुणाने त्यांना सांगितल्या होत्या. परंतु किझेनची बोली पुस्तकात उतरली नाही. यानागितांनी त्या कथा जुन्या ग्रांथिक जपानीत लिहिल्या. पुस्तक अजरामर झाले आणि सांगणाऱ्याचा आवाज कागदाबाहेर राहिला.

हे आठवताना मी थोडी अस्वस्थ झाले. माझा पीएच.डी.चा प्रबंध वऱ्हाडी बोलीतील क्रियापदांवर आहे. त्याच्या परिशिष्टात पहिलीच नोंद अशी : 'माहितीदाता क्रमांक १ : स्त्री, वय ५०, शिक्षण चौथी, व्यवसाय शेती.' ती स्त्री म्हणजे माझी आई.

तोनोत एका वृद्ध कथेकरी बाईंची गोष्ट आम्ही ऐकली. मुलीला निम्मी-अधिक कळली, आम्हांला काहीच नाही. गोष्ट संपवताना बाई 'दोन्दोहारे' म्हणाल्या आणि आई चटकन म्हणाली, "सरली वाटते." आपल्या कहाण्या 'सुफळ संपूर्ण' होतात, तोनोच्या 'दोन्दोहारे'. आईला शब्द कळला नव्हता. सुराचा उतार मात्र तिच्या ओळखीचा होता.

तेथून मोरिओका आणि पुढे आकिता प्रांताचा डोंगराळ कोपरा ओलांडून आम्ही आओमोरी प्रांताच्या त्सुगारू भागात गेलो. जपानमध्ये वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असलेला प्रांत आकिता; तेथे एक तृतीयांशाहून अधिक लोक पासष्टीपुढचे आहेत. वाटेतल्या एका गावी शाळेची सुस्थितीतली इमारत दिसली. मुलीने फलक वाचून सांगितले, की शाळा बंद झाली आहे.

त्सुगारू हा सफरचंदांचा मुलूख. जपानमधील निम्म्याहून अधिक सफरचंदे एकट्या आओमोरीत पिकतात. ज्या शेतकरी कुटुंबाकडे आम्ही दोन रात्री उतरलो होतो, त्यांच्या घरामागेच बाग होती. फळांच्या खालच्या बाजूलाही रंग चढावा म्हणून झाडांखाली चंदेरी कागद अंथरलेले होते आणि भाराने वाकलेल्या फांद्यांना टेकू दिलेले होते. आई त्या टेकूंजवळ बराच वेळ उभी राहिली. संत्र्याच्या झाडांना ती आयुष्यभर असेच बांबू लावत आली होती.

घरमालकीणबाई आईच्याच वयाच्या असाव्यात. त्या आमच्याशी अत्यंत नम्र, जपून जुळवलेल्या जपानीत बोलत. प्रत्येक वाक्य 'देस', 'मास' यांनी व्यवस्थित संपे. माझ्या मुलीने पुस्तकातून शिकलेली जपानीही तशीच असल्यामुळे दोघींचे संभाषण एखाद्या पाठातल्या संवादासारखे वाटे. संध्याकाळी शेजारीणबाई आल्या आणि सारे बदलले. मालकीणबाईंचा आवाज वर चढला, हात हलू लागले, त्या मोठ्याने हसल्या. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आई, मला यातले काहीही कळत नाही." शेजारीणबाई गेल्या. मालकीणबाई आमच्याकडे वळल्या आणि पुन्हा 'देस', 'मास' सुरू झाले.

आई हे सर्व पाहत होती. ती मला म्हणाली, "पाय व, हे बाई माह्यासारखीच आहे. घरात येक बोलते, पावन्यासमोर येक. तिले बी कोनीतरी सांगतलं असन, नीट बोल म्हनून."

मित्रहो, आता मला एक कबुली द्यावयाची आहे. पीएच.डी. मिळाली त्या वर्षी मी काही सहकाऱ्यांना घरी जेवायला बोलावले होते. आई तेव्हा गावाहून आली होती. वाढता वाढता ती पाहुण्यांना म्हणाली, "घ्या नं जी, काहून लाजून रायले?" कोणीतरी हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण माझे कान तापले. स्वयंपाकघरात जाऊन मी हलक्या आवाजात तिला म्हटले, "आई, लोकांसमोर जरा नीट बोल." ती "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर ती तोलून बोलते, "आपण घ्या ना" म्हणते आणि बहुधा गप्पच बसते. जिच्या बोलण्यातील क्रियारूपे तपासून मी पदवी मिळवली, तिला मीच बोलू दिले नाही. मला वाटत होते, ती हे केव्हाच विसरली असेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. क्षमा मागावी असे वाटत होते. परंतु ती कोणत्या भाषेत मागावी, हेही सुचेना.

पहाटे दार वाजले म्हणून मी बाहेर आले. आई हातात पंचा घेऊन स्नानगृहाकडे निघाली होती. समोरून मालकीणबाई आल्या. अर्धवट झोपेत त्यांचा शिष्टाचार बहुधा अजून जागा झालेला नव्हता. त्या म्हणाल्या, "दोसा?" आईने पंचा दाखवला आणि म्हणाली, "आंग धुवाले." दोघीही मान हलवून आपापल्या वाटेने गेल्या.

मी जागच्या जागी उभी राहिले. त्सुगारूतला सर्वांत छोटा संवाद जपानमध्ये सर्वांना ठाऊक आहे : 'दोसा?', 'युसा.' कुठे निघालात? न्हायला. 'सा' हा तेथील दिशादर्शक प्रत्यय; प्रमाण जपानीत त्याला जागा नाही. आईच्या उत्तरातला 'ले'ही तसाच. 'मले', 'तुले', 'धुवाले' यांतला 'ले' आम्ही शिक्षक उत्तरपत्रिकेत लाल शाईने खोडतो. प्रमाणभाषेने दाराबाहेर ठेवलेले दोन प्रत्यय त्या थंड पडवीत समोरासमोर आले आणि त्यांचे काम बिनबोभाट झाले.

न्याहारीच्या वेळी मालकीणबाईंनी कापलेले सफरचंद आईपुढे ठेवले आणि एकच अक्षर उच्चारले, "के." मुलीने गोंधळून पाहिले. त्या हसून प्रमाण जपानीत म्हणाल्या, की आमच्याकडे 'के' म्हणजे 'खा'. आईने बशी त्यांच्याकडे सरकवली आणि सर्वांसमोर, मोठ्याने म्हणाली, "तुमी बी घ्या नं जी, काहून लाजून रायले?" पाहुण्यांच्या घरात, परक्या माणसांसमोर ते वाक्य मी पंचवीस वर्षांनंतर ऐकत होते. या वेळी कोणी हसले नाही. मालकीणबाईंनी एक फोड उचलली.

परतीच्या वाटेवर मी मुलीला यानागितांचे आणखी एक संशोधन सांगितले. गोगलगायीला जपानभर कोणकोणते शब्द आहेत, हे त्यांनी गोळा केले आणि १९३० मध्ये पुस्तकरूपाने मांडले. त्यांच्या लक्षात आले, की दूर ईशान्येकडील आणि दूर नैर्ऋत्येकडील टोकांना एकाच जातीचे शब्द सापडतात. तळ्यात दगड टाकला की लाटा काठाकडे जातात, तसे जुन्या राजधानीत, क्योतोत, जन्मलेले शब्द बाहेर पसरत गेले. केंद्रात नवे शब्द आले आणि जुने काठावर टिकून राहिले. सगळ्याच शब्दांना हा नियम लागू पडत नाही. तथापि, काठावरच्या माणसाचे बोलणे म्हणजे केंद्रातल्या भाषेचा बिघाड, हा समज त्याने मोडतो.

आपल्याला तर उदाहरणासाठी जपानला जाण्याचीही आवश्यकता नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला सिद्ध केला, हे तुम्ही अभ्यासले आहे. हे रिद्धपूर मोर्शी तालुक्यात येते. माझ्या आईच्या माहेराहून ते फार दूर नाही. संस्कृतात लिहिले तर आपल्या पंथातील म्हाताऱ्या वंचित राहतील, म्हणून मराठीचा आग्रह धरणारे नागदेवाचार्यही याच परंपरेतले. ही सारी माहिती मी वर्गात दरवर्षी सांगत आले होते आणि घरातल्या म्हातारीला गप्प करून बसले होते. हे सगळे आईला सांगावे म्हणून मी मागे वळले, तर ती झोपली होती.

प्रमाणभाषा नको, असे मी म्हणत नाही. हा निबंधही मी प्रमाण मराठीतच लिहीत आहे. महाराष्ट्राच्या दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचे लेखन कळावे, अर्ज लिहिता यावा, ग्रंथ वाचता यावा, यासाठी ती हवीच. तुमच्यापैकी अनेकांनी संसार आणि नोकरी सांभाळून ती मेहनतीने कमावली आहे. तिचा अभिमान जरूर बाळगा. मात्र नवी भाषा हाती आली, की जुनीची लाज वाटू लागते, त्या क्षणी सावध राहा. ती लाज पुस्तकाच्या पहिल्या पानावरून येते, पाहुण्याच्या हसण्यातून येते आणि मग आपल्याच तोंडून आपल्याच आईला ऐकू येते.

पुण्याला परतल्यावर सारे बदलले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पाहुणे आले, की आई अजूनही तोलून बोलते. इतक्या वर्षांची सवय एका न्याहारीने जात नाही. बदल माझ्यात थोडा झाला आहे. मी तिच्याशी पुन्हा वऱ्हाडीत बोलू लागले आहे. मध्ये फार वर्षे गेल्यामुळे माझी रूपे चुकतात, सूर शहरी लागतो. ती हसते आणि दुरुस्त करते. परवा अशीच माझी चूक सुधारून ती म्हणाली, "नीट बोल व."