हसूरचंपू ते गटिंगेन: वाऱ्याच्या हिशोबाला पैसे कोण देणार?

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर चढलं की तिथले भोवरे बघा. मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान फुटून आणखी लहान. शेवटी त्यांची सगळी ताकद पाण्यात किंचितशा उष्णतेच्या रूपाने जिरून जाते. याला टर्ब्युलन्स म्हणतात. विमानाच्या पंखावरून सरकणारी हवाही हेच करते. पीएचडीत मी त्या भोवऱ्यांचं गणित संगणकावर मांडते, आणि माझी फेलोशिप सरकारी तिजोरीतून येते. म्हणजे हा विषय माझ्या डोक्याचा आहे, तसाच पोटाचाही.

अण्णा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत ओतकाम करतात. पहिली फेलोशिप जमा झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "व्हय गं, सरकार तुला वारं मोजायचं पैसं देतंय?" मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. बिस्किटाच्या पुड्यावरही कर भरणाऱ्या माणसाला तो विचारायचा हक्क आहे.

उत्तर त्यांच्याच कामात सापडलं. साच्यात लोखंडाचा रस घाईने ओतला की तो खळबळतो, हवा आत अडकते, कास्टिंगला भोकं पडतात आणि माल रिजेक्ट होतो. रस कसा सोडायचा हे अण्णांच्या हाताला कळतं. आता हेच कळावं म्हणून फाउंड्र्या संगणकावर आधी साचा भरून बघतात. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात तीच समीकरणं असतात, जी मी पंखासाठी सोडवते.

मग एवढा खर्च कशाला? कारण प्रत्येक भोवरा मोजायचा तर सगळ्यात बारीक भोवऱ्यापर्यंत जाळं विणावं लागतं. प्रवाह किती खवळणार हे सांगणारा रेनॉल्ड्स क्रमांक दहापट झाला, की जाळ्यातले बिंदू साधारण पावणेदोनशे पट वाढतात. अख्ख्या विमानासाठी हे आजच्या महासंगणकांनाही झेपत नाही. म्हणून बारीक भोवऱ्यांऐवजी अंदाजाची सूत्रं बसवतात. त्यांना मॉडेल म्हणतात. ती बऱ्याचदा चालतात, पण हवा पंख सोडून निघू लागली की नेमकी तिथेच गडबडतात.

गंमत म्हणजे टर्ब्युलन्स नेहमी शत्रू नसतो. क्रिकेटचा चेंडू आठवा. शिवणीच्या बाजूची हवा खवळते, त्यामुळे ती चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या बाजूची लवकर सुटते, आणि चेंडू स्विंग होतो. १९१४ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये लुडविग प्रांटल यांनी गोळ्याभोवती पातळ तार बांधून दाखवलं की हवा मुद्दाम खवळवली तर गोळ्याला होणारा विरोध उलट घटतो. आज कित्येक विमानांच्या पंखांवर बोटभर उंचीच्या पात्यांची रांग दिसते, तीही हवेला पंखावर धरून ठेवायलाच असते.

याच प्रांटल यांच्या हाताखाली १९३० च्या दशकात आपल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचा एक मुलगा डॉक्टरेट करत होता: विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८. परत आल्यावर त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ साली सुरू झालेल्या विमानशास्त्र विभागात शिकवलं. पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या चमूने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचलं. ते १९५१ मध्ये उडालं. नंतरचं किरण हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच नेतृत्वाखाली घडलं. मी कोल्हापुरात शाळा आणि इंजिनिअरिंग शिकले, पण हे नाव वर्गात एकदाही ऐकलं नाही.

१९८६ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने हवेच्या प्रवाहाची गणितं सोडवायला फ्लोसॉल्व्हर नावाचा समांतर संगणक स्वतः बांधला. पुण्यातला परम ८००० आला तो १९९१ मध्ये. वाऱ्यासाठी केलेल्या खटपटीतून देश संगणक बांधायलाही शिकला. एखादी खाजगी कंपनी तिमाहीच्या नफ्याकडे बघून अशा कामात इतकी वर्षं पैसे घालणार नाही. ते सरकारनेच घालावे लागतात.

पण घातले जातात किती? संशोधनावरचा आपला एकूण खर्च, सरकारी आणि खाजगी मिळून, जीडीपीच्या सुमारे ०.६४ टक्के आहे. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट सांगितलं गेलं, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये मिळतात. मिळतात म्हणजे, कागदावर. गेल्या वर्षी माझे पाच महिने रखडले. खोलीचं भाडं अण्णांच्या ओव्हरटाइममधून गेलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा तोवर थांबू शकला नाही. पंखाच्या टोकाच्या भोवऱ्यांवरचं तीन वर्षांचं काम सोडून तो आयटीत गेला. त्याचा कोड अजून सर्व्हरवर आहे, पण त्यातली कुठली ओळ का लिहिली, हे सांगणारा माणूस तिथे नाही.

उशिरा आलेल्या पैशाची किंमत ही असते. प्रांटलकडून घाटग्यांकडे, घाटग्यांकडून त्यांच्या विद्यार्थ्यांकडे गेलं ते पुस्तकातलं ज्ञान कमी आणि शेजारी बसून शिकलेलं जास्त. मशीन पुढच्या बजेटमध्ये विकत घेता येतं. मधली एक पिढी उठून गेली, तर ती कुठल्या टेंडरमध्ये मागवणार?