शंभरांतला एक

मरण येणार हें प्रत्येकाला ठाऊक असतें; केव्हां येणार हें मात्र कोणालाच ठाऊक नसतें, आणि मनुष्याची सारी तळमळ ह्या दुसऱ्या गोष्टीसाठीं असते. पूर्वी घरांत कोणी अत्यवस्थ झालें कीं एक जण वैद्याकडे धांवे व दुसरा पत्रिका घेऊन जोशीबोवांकडे. जोशीबोवा मारकेश पाहत, वैद्य नाडी पाहत, आणि दोघांच्याहि चेहऱ्याकडे घरचीं माणसें पाहत. चरकसंहितेंतील इंद्रियस्थानाचे बाराही अध्याय आसन्नमरण रोग्याचीं लक्षणें सांगण्यांत खर्ची पडले आहेत. त्यांच्या अखेरीस वैद्याला एक सूचना केलेली आढळते: मृत्यूचीं चिन्हें दिसलीं तरी कोणी विचारल्यावांचून तीं बोलून दाखवूं नयेत, आणि विचारलें तरी जेथें त्या बोलण्यानें रोग्याला वा दुसऱ्या कोणाला आघात पोंचेल तेथें मौन धरावें. प्रश्न इतका जुना आहे. आमच्या काळांत नवें झालें तें एवढेंच, कीं त्याला आतां आंकड्यांत उत्तर मिळूं लागलें आहे.

ह्या आंकड्यांचें कूळ शोधूं गेलें तर तें सतराव्या शतकांत सांपडतें. जॉन ग्राँट नांवाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्यानें त्या शहरांतील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या चाळून १६६२ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. आणि ज्याच्या नांवाचा धूमकेतु सर्वांच्या परिचयाचा आहे त्या एडमंड हॅलेनें १६९३ सालीं ब्रेस्लाऊ शहरांतील जन्ममृत्यूंवरून, कोणत्या वयापर्यंत किती माणसें पोंचतात ह्याचें कोष्टक मांडलें. एकट्या माणसाचें मरण लहरी भासतें, पण हजारांचें मरण शिस्तीनें चालतें, हें ह्या दोघांच्या श्रमांतून उघड झालें. आयुर्विम्याचा सारा व्यवहार ह्याच शिस्तीच्या भरंवशावर उभा आहे.

अतिदक्षता विभागांतील खाटेपाशीं ही विद्या येण्यास पुढें जवळ जवळ तीन शतकें लागलीं. १९८१ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठांतील विल्यम क्नाउस व त्यांचे सहकारी ह्यांनीं ‘अपाची’ ही मोजणी प्रसिद्ध केली, आणि १९८५ सालीं तिची सुटसुटीत दुसरी आवृत्ति निघाली. ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तांतील क्षार अशीं १२ मोजमापें घ्यावयाचीं, त्यांत वयाचे व जुन्या आजारांचे गुण मिळवावयाचे. बेरीज ० पासून ७१ पर्यंत. जितके गुण अधिक तितकें संकट मोठें. सारा जन्म मुलांना गुण देण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या मास्तरला ही परीक्षा मोठी चमत्कारिक वाटली. कारण अधिक गुण पडूं नयेत म्हणून देव पाण्यांत घालून बसावें, अशी ही एकच परीक्षा आमच्या पाहण्यांत आहे.

२०२० सालीं करोनाची साथ पसरली, खाटा अपुऱ्या पडूं लागल्या, आणि अशा मोजणीची गरज अनेक पटींनीं वाढली. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील २६० रुग्णालयांतून माहिती गोळा झाली. दाखल झालेल्या ३५,४६३ रोग्यांच्या नोंदींवरून संशोधकांनीं एक कोष्टक बांधलें व नंतर आलेल्या २२,३६१ रोग्यांवर तें ताडून पाहिलें. वय, स्त्री कीं पुरुष, जुने आजार किती, दर मिनिटास श्वास किती, रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण, शुद्धीची अवस्था, रक्तांतील युरिया, आणि शरीरांतील दाह दाखविणारें एक प्रथिन, ह्या आठ गोष्टी विचारावयाच्या. एकूण गुण २१. ताडून पाहिलेल्या रोग्यांत ज्यांना ३ किंवा त्याहून कमी गुण पडले त्यांच्यापैकीं शेंकडा १ दगावले. ज्यांना १५ किंवा अधिक पडले त्यांच्यापैकीं शेंकडा ६२.

आतां ह्या शेंकडा ६२ चा अर्थ काय? वाचकांनीं क्षणभर आमच्या वर्गांत यावें. ह्या वर्षीं आमच्या वर्गाचा निकाल शेंकडा किती लागेल, हें आम्ही परीक्षेपूर्वी दोन महिने बहुधा बरोबर सांगूं शकतों. तीस वर्षांच्या अनुभवाचें तेवढें फळ आम्हांला मिळालें आहे. पण तिसऱ्या बांकावर खिडकीशीं बसलेला अमुक एक मुलगा उतरेल काय, असें त्याच्या वडिलांनीं येऊन विचारलें, तर तीच तीस वर्षें आमच्या कामीं येत नाहींत. वर्गाचें खरें असलेलें वाक्य मुलाचें खरें ठरतेंच असें नाहीं. आणि ज्या रांगेंत शेंकडा ६२ गेले त्याच रांगेंतून, त्याच गुणांनिशीं, शेंकडा ३८ घरीं परतले, हें वाचतांना कोणाच्या चटकन् ध्यानांत येत नाहीं.

२०२१ च्या एप्रिलमध्यें, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरांत, महाराष्ट्रांत घरोघर ‘स्कोअर किती?’ हा एकच प्रश्न ऐकूं येई. हा स्कोअर बहुधा छातीच्या सीटी स्कॅनचा असे. फुप्फुसांच्या पांच खंडांना प्रत्येकीं ५ गुण धरून २५ पैकीं तो दिलेला असतो, आणि फुप्फुस किती ग्रासलें एवढेंच तो सांगतो. पण लोक तो कुंडलींतल्या भविष्याप्रमाणें ऐकत. आमचे थोरले चुलतबंधु त्याच महिन्यांत अतिदक्षता विभागांत होते. वय ६४, मधुमेह जुना. एका सायंकाळीं तेथील तरुण डॉक्टरणीनें वहिनींना व आम्हांला जिन्यापाशीं बोलावून घेतलें. मास्कच्या कडांचे वळ तिच्या गालांवर उठले होते. ती म्हणाली, “काका, रात्रीपर्यंत व्हेंटिलेटर लावावा लागेल असं दिसतंय. ह्या अवस्थेतल्या शंभर पेशंटांपैकी निम्म्याहून जास्त परत येत नाहीत. तुमच्यापासून लपवणं बरं नाही.” आम्हांला शब्द सुचेना. वहिनींनीं मात्र शांतपणें विचारलें, “अन् त्या शंभरांत हे कितवे?” ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली व म्हणाली, “ते मला नाही सांगता येत, काकू.”

त्या साथींत आम्हीं पुष्कळ आंकडे ऐकले; ह्या उत्तराइतकें खरें कांहीं ऐकलें नाहीं.

कारण गणिताचा कमकुवतपणा तेथेंच संपत नाहीं. प्रत्येक आंकडा ज्या काळांत जन्मला त्या काळाचा असतो. जून २०२० मध्यें ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चांचणीचा निर्णय बाहेर आला. डेक्सामेथासोन हें जुनें व स्वस्त औषध ज्यांना दिलें त्या व्हेंटिलेटरवरील रोग्यांपैकीं २८ दिवसांत शेंकडा २९.३ गेले, ज्यांना दिलें नाहीं त्यांच्यापैकीं शेंकडा ४१.४. तेव्हां पहिल्या लाटेंतील रोग्यांवरून बांधलेलें कोष्टक पुढच्या रोग्याला लावण्यापूर्वी पुन्हा ताडून पाहणें भाग पडतें. करोनांत वयाला फार गुण पडतात; पण १९१८ च्या इन्फ्लुएंझानें, ज्यानें मुंबई इलाख्यांतहि हाहाकार उडविला, वीस ते चाळीस वर्षांचीं धडधाकट माणसें विशेषेंकरून उचललीं. मोजणारें यंत्रहि निर्दोष नसतें. बोटाला लावावयाच्या चिमट्यानें प्राणवायु ९२ ते ९६ दाखविला असतां प्रत्यक्ष रक्तांत तो ८८ हून खालीं आढळावा, असें अमेरिकेंतील एका अभ्यासांत गोऱ्या रोग्यांच्या नोंदींपैकीं शेंकडा ३.६ वेळां घडलें, तर काळ्या रोग्यांच्या नोंदींपैकीं शेंकडा ११.७ वेळां. हा अभ्यास २०२० च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाला. करोनासाठीं रचलेल्या अशा २३२ गणितांची संशोधकांनीं छाननी केली, तेव्हां बहुतेकांत एकांगीपणाचा मोठा धोका दिसून आला. वर सांगितलेलें ब्रिटिश कोष्टक आशा वाटावी अशा थोडक्यांपैकीं एक.

आणि आंकडा सल्ला न राहतां निवाडा बनला, तर काय होतें ह्याचेंहि उदाहरण त्याच साथीनें दिलें. मार्च २०२० मध्यें इंग्लंडांतील ‘नाइस’ ह्या संस्थेनें, कोणास अतिदक्षता विभागांत न्यावें हें ठरवितांना रोग्याची दुर्बलता १ ते ९ च्या मापानें मोजावी, अशा अर्थाची सूचना काढली. त्या मापांत जो इतरांवर अवलंबून तो अधिक दुर्बल. मग जन्मापासून ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, पण ज्यांचीं फुप्फुसें व हृदय उत्तम आहेत, त्यांनीं काय करावें? अपंगांच्या आप्तांनीं व संस्थांनीं हरकत घेतली, आणि २५ मार्च रोजीं दुरुस्ती झाली, कीं तरुणांना व दीर्घकाळचें स्थिर अपंगत्व असलेल्यांना हें माप लावूं नये. मोजणाऱ्याच्या मनांत क्रौर्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु माप जेथें तयार झालें त्या माणसांखेरीज इतरांवर तें चालविलें, कीं अन्याय करण्यासाठीं क्रौर्याची गरजच उरत नाहीं.

मग हीं गणितें फेंकून द्यावीं काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. नवें औषध खरोखर गुणकारी आहे कीं हलक्या रोग्यांना दिल्यामुळें तसें भासतें, एका रुग्णालयांत मृत्यु अधिक होतात ते हयगयीमुळें कीं तेथें येणारे रोगीच अधिक बिकट असतात म्हणून, हे प्रश्न ह्या मोजणीवांचून सुटत नाहींत. आणि घरच्या माणसांनाहि तिचा एक उपयोग आहे. त्या रात्रीं नळी घालण्यापूर्वी त्या डॉक्टरणीनें वहिनींना आपल्या फोनवरून चुलतबंधूंशीं पांच मिनिटें बोलूं दिलें. काय बोलणें झालें तें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. कपाटाच्या किल्ल्या कोठें आहेत हें त्यांनीं सांगितलें, एवढें पुढें कळलें. अकराव्या दिवशीं ते गेले. त्यांचें मरण त्या आंकड्यानें सांगितलें नव्हतें, आणि ते वांचते तरी आंकडा खोटा ठरता ना. बोलण्याची वेळ झाली आहे एवढें त्यानें सांगितलें, व तें वेळेवर सांगितलें.

जुन्या ग्रंथकारानें आघात टाळण्यासाठीं मौन सुचविलें, त्यांतील दयाबुद्धि आम्हांला मान्य आहे. पण न बोलण्यानेंहि आघात होतात, आणि ते पुष्कळ वर्षें ठसठसत राहतात. कोष्टकाला शंभर जण दिसतात. खाटेपाशीं उभ्या असलेल्याला एकच दिसतो. वैद्याला हे दोन्ही पाहावे लागतात. ज्याला शंभरांचा हिशेब नीट समजला आहे, त्यानें तो सांगावा. आणि सांगून झाल्यावर त्या एकाच्या उशाशीं, कोणताच आंकडा ठाऊक नसल्याप्रमाणें, झटत राहावें.