आजोळचा काकडीचा मांडव

आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे आले, की जांभ्या दगडांच्या गडग्यांवर हिरवे शेवाळ दिसू लागते आणि आजोळ जवळ आल्याची खूण पटते. श्रावणात गेलो तेव्हा देवरुखच्या वाटेवरील त्या घराच्या परसात नेहमीप्रमाणे काकडीचा मांडव होता. ७८ वर्षांचे मामा वेलांच्या अळ्यांत चाळलेली राख पसरत होते.

“एवढा पाऊस पडतो आहे, मग राख कशाला?” मी विचारले.

“अरे डॉक्टर, पाणी म्हणजे जेवण नव्हे.”

त्या बोलण्यात शास्त्र होते. कोकणातील जांभी माती आम्लधर्मी. मुसळधार पावसात तिच्यातील नत्र, पालाश, चुना व मॅग्नेशियम झिरपून जातात. काकडीची बहुतेक मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे खोल गेलेले अन्न त्यांच्या वाट्याला येत नाही. राखेतून पालाश व चुना मिळतो, मातीची आम्लताही थोडी उतरते. पेरणीपूर्वी कुजलेले शेणखत, मग दर आठवड्याला पातळ शेणकाला आणि मधूनमधून मूठभर राख, असा मामांचा नेम. शेणकाला आणि राख एका दिवशी मात्र कधीच नाही, कारण राखेमुळे नत्र उडून जाते.

मामांनी वेलावरची एक काकडी दाखविली. देठाकडे बारीक, टोकाला फुगीर. खालच्या जुन्या पानांच्या कडाही करपलेल्या. ही पालाश कमी पडल्याची लक्षणे. फळ टोकाकडे निमुळते आणि जुनी पाने पिवळी असतील, तर नत्राची उणीव. परागीभवन नीट न झाल्यानेही फळ वेडेवाकडे होते, म्हणून फळासोबत पानही पाहायचे. एका वर्षी युरिया जास्त पडला, तेव्हा वेल नुसता पानांनी माजला. काकड्या मोजक्याच लागल्या.

पानापानाची खबर ठेवणाऱ्या मामांचा सदरा मात्र खांद्यांवरून ओघळत होता. मामी गेल्यापासून सकाळी पेज आणि रात्री काकडीची कोशिंबीर, एवढाच त्यांचा आहार. गिरणीतल्या काट्यावर वजन भरले ५२ किलो. गेल्या वर्षी ते ५७ होते. १०० ग्रॅम काकडीत सुमारे ९५ ग्रॅम पाणी असते, प्रथिने एक ग्रॅमही नसतात.

“मामा, पाणी म्हणजे जेवण नव्हे,” मी म्हणालो. ते बराच वेळ गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तपासण्या करून घेतल्या. आता जेवण थोडे थोडे, दिवसातून पाच वेळा: पेजेसोबत कुळथाची उसळ, कोशिंबिरीत दही व दाण्याचा कूट, दुपारी एक अंडे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

घरातील वृद्धांचे वजन महिन्यातून एकदा पाहावे. सहा ते बारा महिन्यांत ते आपोआप ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांकडे जावे. ६० किलोच्या माणसात हा फरक अवघा तीन किलोंचा असतो. तो आधी सदऱ्यावर दिसतो.