तेलपाणी

आमच्या घरात ‘सिंथेटिक’ ही शिवी आहे. मध्य प्रदेशात राहणाऱ्याला त्याचं कारण सांगायला नको. दिवाळी जवळ आली की मुरैना-भिंडकडच्या सिंथेटिक दुधाच्या, माव्याच्या बातम्या सुरू होतात आणि त्या दिवसांत आई घरात पेढा येऊ देत नाही. त्यामुळे पुण्याहून आलेला भाचा जेवता जेवता म्हणाला, ‘मामा, गाडीत आता फुल सिंथेटिक टाक,’ तेव्हा आईनं ताटावरून मान वर न करता विचारलं, ‘सिंथेटिक म्हणजे नकलीच ना रे? अंगी लागायचं नाही ते.’

गाडी म्हणजे १९९७ सालची मारुती ८००. बाबांनी निवृत्तीच्या तोंडावर घेतलेली, पांढरी, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. आणि आईच्या त्या ‘अंगी लागायचं नाही’मागे एक जुनं प्रकरण आहे. ते माझ्यावरच शेकलं होतं.

पण तेल आमच्या घरात गाडीच्या कितीतरी आधी आलं. आजोबा नागपूरच्या सचिवालयात होते. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि फायलींबरोबर कितीतरी मराठी कारकून कुटुंबंही आली. त्यांतलं एक आमचं. बाबा पुढे भेलमध्ये लागले, ट्रान्सफॉर्मरकडे. ट्रान्सफॉर्मर तेलात बुडालेला असतो हे मला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं, कारण बाबांच्या शर्टाला त्याच तेलाचा वास यायचा. तिथे तेलाची परीक्षा व्हायची: दोन इलेक्ट्रोडमध्ये अडीच मिलिमीटरची फट ठेवून व्होल्टेज वाढवत न्यायचं, ठिणगी कुठे उडते ते बघायचं. तेलात पाण्याचा नुसता अंश असला तरी ठिणगी लवकर उडते. ‘तेलाला पाणी चालत नाही,’ हे बाबांचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की भजी तळतानाही आई तेच म्हणायची.

मग बजाजची स्कूटर आली. तिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, लिटरमागे २० मिली. पंपावरच्या मापावर बाबांचा विश्वास नव्हता, म्हणून खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं घरचं ऑइल मोजायचं काम माझ्याकडे. ऑइल कमी पडलं तर इंजिन जाम आणि जास्त झालं तर प्लग काळा. एकदा मी गप्पांच्या नादात दोनदा घातलं. पिपलानीपासून न्यू मार्केटपर्यंत आम्ही निळा धूर सोडत गेलो. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

मारुती आली तेव्हा बाबांनी भेलची एक जुनी डायरी तिच्यासाठी काढली. तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, किती लागलं, फिल्टर बदलला का. दर खेपेला गेजची दांडी ओढून ते एक थेंब टीपकागदावर सोडत. थोड्या वेळानं थेंब पसरायचा. मधे काळा डाग, त्याभोवती तपकिरी कडं, बाहेर फिकट पिवळा पट्टा. कडं मऊ आणि रुंद असेल तर ऑइल अजून घाण उचलून धरतंय. काळा मधेच गोठून बसला आणि त्याची कड धारदार झाली, तर बदला. दुसरी परीक्षा तव्यावरची. तापल्या तव्यावर थेंब टाकायचा. तडतडला की तेलात पाणी आहे. तवा अर्थातच आईचा, पोळ्यांचा. या परीक्षेवरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी सोन्यावरूनही झाली नसतील.

बाबा २०११ साली गेले. डायरी माझ्याकडे आली, गाडीही. आणि मी शहाणपणा केला.

शहरातल्या एका चकचकीत सर्व्हिस सेंटरात मला सांगितलं गेलं की इतकी वर्षं तुम्ही गाडीला जुनाट तेल पाजताय. आधी इंजिन फ्लश करू, मग ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक टाकू, गाडी नव्यासारखी पळेल. पळाली, खोटं कशाला बोलू. आवाज मऊ झाला, सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायची. मी डायरीत मोठ्या अक्षरात ‘सिंथेटिक’ असं लिहिलं. पंधरा दिवसांनी पोर्चच्या फरशीवर रुपयाएवढा काळा ठिपका दिसला. मग दोन. महिन्याभरात वर्तमानपत्र अंथरावं लागलं, आणि आईला ‘नकली’ हा शब्द कायमचा मिळाला.

जहांगीराबादच्या एका गल्लीत आमचे जुने उस्ताद बसत. त्यांनी गाडी खालून पाहिली, बोटाला तेल लावून अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाले, ‘को खाँ, क्या पिला दिया बुढ़िया को? मैल ही तो पैकिंग बना बैठा था, तुमने धो डाला.’

यात तथ्य आहे. इंजिनातली रबरी सीलं वर्षानुवर्षं तापून कडक होतात, आकसतात, पण फटीत साचलेला गाळ त्यांतून होणारी गळती झाकून ठेवतो. फ्लशनं तो गाळ निघाला आणि वर ऑइलही पातळ. बिचाऱ्या सिंथेटिकनं काही नवं फोडलं नव्हतं. फुटलेलंच उघडं केलं होतं. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग दोष पॅकिंगचा आहे ना मामा, ऑइलचा कुठे?’ त्याचंही बरोबर. उस्तादांनी टॅपेट कव्हरची पॅकिंग आणि डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग बदलली. मागच्या क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते म्हणाले, ‘इसे रहने दो, बूढ़ों का इतना तो टपकता है.’ चेंबरमध्ये २०डब्ल्यू-५० मिनरल, म्हणजे जुनं साधं ऑइल गेलं. ठिपका रुपयावरून चाराण्यावर आला आणि आजवर तिथेच आहे.

एवढ्यावर मी सिंथेटिकला नावं ठेवून मोकळा झालो असतो. पण बाबांचा मुलगा असल्यामुळे वाचत बसलो. पहिली गोष्ट कळली ती अशी की ‘सिंथेटिक’ हा शब्द आईला वाटतो तितका नकली नाही आणि कंपन्या भासवतात तितका अस्सलही नाही. आता त्या नावाखाली विकलं जाणारं पुष्कळसं ऑइल जमिनीतल्या क्रूडमधूनच येतं, फक्त त्यावर खूप जास्त प्रक्रिया झालेली असते. पूर्वी सिंथेटिक म्हणजे रसायनांतून रेणू जोडून केलेलं, असाच अर्थ होता. १९९९ साली अमेरिकेत यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा जाहिरातीचा तंटा झाला आणि निवाडा कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला. तेव्हापासून तो शब्द सैल झाला. गंमत म्हणजे कॅस्ट्रॉल हे नावच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडलेलं. वेकफिल्ड नावाच्या इंग्रजानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींच्या आणि विमानांच्या इंजिनाच्या तेलात एरंडेल मिसळलं होतं. आजोबांच्या गावी बैलगाडीच्या आखाला वंगण एरंडेलाचं आणि रविवारी सकाळी आमच्या पोटालाही तेच. म्हणजे आम्ही आणि विमानाची इंजिनं एकाच तेलावर वाढलो.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, हिवाळा. ५डब्ल्यूची थंडीतली परीक्षा उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. भोपाळात जानेवारीत पारा पाच-सहाच्या खाली गेला की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो येतो. इंजिनाची बरीच झीज सुरू होतानाच होते, तेव्हा पातळ तेल लवकर वर चढतं हे खरं. पण उणे तीसची ऐपत मी कोटरा सुलतानाबादच्या पोर्चमध्ये कशासाठी विकत घेऊ? आमच्याकडे खरी कसोटी मे महिन्यात, ४३-४४ अंशांत, व्हीआयपी रोडवर वाहतूक तुंबते तेव्हा. तिथे डॅशनंतरचा आकडा बोलतो. तो शंभर अंशांवरचा दाटपणा सांगतो, आणि झिजलेल्या बेअरिंगला थोडा दाटपणा मानवतो.

तिसरी गोष्ट मिस्त्री लोकांना नाव न घेता ठाऊक असते. ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं एक संयुग घालतात. धातूवर धातू घासतो तिथे ते आपला थर देऊन झीज वाचवतं. पण धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस म्हणजे विष. म्हणून एपीआय या अमेरिकी संस्थेच्या २००४ नंतरच्या प्रतींत, पातळ ग्रेडपुरती, त्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. आपल्याकडे कन्व्हर्टर १९९५ पासून चार महानगरांत सक्तीचा झाला. भोपाळात ९७ साली घेतलेल्या आमच्या गाडीला तो नाहीच. ज्या अवयवाला जपायचं तो गाडीत नाही आणि जो झिजतोय त्याचं औषध कमी करायचं, हा कुठला न्याय? माझ्या एका मित्राकडे प्रीमियर पद्मिनी आहे, तिच्या जुन्या धाटणीच्या टॅपेटला तर हे जास्तच लागू.

तरी माझा निकाल या तिन्हींवर लागला नाही. तो झाकणाखाली लागला. एका हिवाळ्यात ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून दुधाच्या सायीसारखा पांढरट थर. आईला दाखवला नाही. गाडी वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालते: भाजी, बँक, दवाखाना, गणपतीत मराठी मंडळींकडे. इंजिन नीट तापायच्या आत घरी. मग आतलं पाणी वाफ होऊन जात नाही, तेलातच राहतं. बाबांचं वाक्य. अशा गाडीत दहा हजार किलोमीटर टिकणारं ऑइल सहा महिन्यांत ओलाव्यानं मरतं, म्हातारं होऊन नव्हे. मग दुप्पट पैसे त्याच्या न जगलेल्या आयुष्याचे द्यायचे का? शेजारी दर आठवड्याला इंदूरला जातो-येतो, त्याच्या नव्या गाडीत सिंथेटिकच हवं. त्याला मीच तसं सांगितलं.

राहिलं निघालेलं जळकं ऑइल. बाबा ते डब्यात ठेवत. फाटकाच्या बिजागऱ्यांना, वाळवी लागलेल्या खांबाला. उरलेलं घरामागच्या नालीत. मीही ओतलंय. ती नाली कुठे जाते, हे विचारायचं कधी सुचलं नाही. आता घर बड्या तलावाच्या बाजूला आहे. शहराच्या मोठ्या भागाचं प्यायचं पाणी त्यातलं, २००२ पासून ते रामसर पाणथळ आहे, २०२३ साली हरित लवादानं तिथल्या मोटारवर चालणाऱ्या क्रूझ बोटीही थांबवल्या. आणि आम्ही गल्लोगल्ली चेंबर उपसून नालीत.

उस्ताद आता नाहीत, त्यांचा मुलगा गॅरेज बघतो. गेल्या रविवारी गेलो. त्यानं माझ्यासमोर नव्या कॅनचं सील तोडलं, सतरा नंबरच्या पान्यानं चेंबरचा नट सोडला. काळी धार बारीक होत होत थेंबांवर आली तोवर आम्ही चहा प्यायलो. जळकं ऑइल त्याच्या पिंपात गेलं. रिफायनिंगवाल्यांची गाडी ते घेऊन जाते. रिकाम्या कॅनला त्यानं पेचकसानं दोन भोकं पाडली. का, तर नकली ऑइल भरायला हेच कॅन बाजारात फिरतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं: नकली शेवटी मिनरलच्या डब्यातही असतंच.

डायरीत आता ही नोंद आहे: २०डब्ल्यू-५०, मिनरल, पावणेतीन लिटर, फिल्टर नवा, किलोमीटर ९१,४३०. पुढची बदली सहा महिन्यांनी, गाडी चालो न चालो.