कॅसेटच्या खाचेतली वायर

बाबांच्या 1998च्या मारुती झेनमधला कॅसेट प्लेअर काढून टाकावा, असा हट्ट मी निदान चार वर्षं धरला होता. माझ्या आयपॉडमध्ये हजारभर गाणी, आणि गाडीत मात्र अर्ध्या तासाने बाजू उलटायची. बाबा नुसतं "बघू" म्हणायचे. समोरच्या कप्प्यात भीमसेनजींची 'संतवाणी' होती, वसंतराव देशपांड्यांची नाट्यपदं होती आणि आईने घरी भरलेल्या दोन कॅसेट होत्या. त्या मग कुठे वाजवायच्या, हे त्यांनी मला एकदा विचारलंही होतं. मी उत्तर दिलं नाही.

मधला मार्ग म्हणून मी एफएम ट्रान्समीटर आणला. तो लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, आयपॉड त्याला जोडायचा आणि रेडिओ त्याच फ्रिक्वेन्सीवर लावायचा. स्टिरिओपर्यंत एकही वायर नाही, म्हणून मला ते फार शास्त्रशुद्ध वाटे. कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडाप्टर मी दुकानात पाहिला होता, पण लोंबती वायर बघून त्याला जुगाड ठरवलं होतं.

द्रुतगती मार्गाने मुंबईला जाताना माझं मत डळमळलं. पुण्यात मोकळी सापडलेली फ्रिक्वेन्सी घाट उतरल्यावर मोकळी राहीना. एफएमचं असं आहे की दोन सिग्नल एकाच जागी आले, तर जोरकस असेल तो दुसऱ्याला जवळपास पुसून टाकतो. आमचा ट्रान्समीटर तो केवढा! अभंग ऐन रंगात आला असताना त्यावर जाहिरात चढली. मी बटणं दाबत दुसरी जागा शोधत राहिले, आणि बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, राहू दे. रस्त्याकडे बघ."

परतल्यावर तपकीर गल्लीतून तो अ‍ॅडाप्टर आणला आणि घरी उघडून पाहिला. आत टेप नाहीच. एक चिमुकलं हेड आहे, ते प्लेअरच्या हेडला अगदी समोरासमोर भिडतं. आयपॉडमधून आलेल्या विजेने त्याच्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं, आणि प्लेअरचं हेड ते टेपवरचं असल्यासारखं वाचतं. मधे हवेतला प्रवास नाही, त्यामुळे कुणाची घुसखोरीही नाही. सोबतची दातेरी चाकं गाणं वाजवत नाहीत, ती फिरत राहिली की ऑटो-रिव्हर्सच्या यंत्राला टेप सरकतेय असं वाटतं. ती अडकली तर प्लेअर बाजू बदलत बसतो, नाहीतर अ‍ॅडाप्टर बाहेर ढकलतो.

हे हेड बरोबर समोर येतं कसं? फिलिप्सने 1963 साली ही कॅसेट बाजारात आणली आणि पुढे तिचा आराखडा इतर कंपन्यांना स्वामित्वशुल्काविना वापरू दिला. मापं सगळीकडे तीच राहिली. चाळीसेक वर्षांनंतरचा आयपॉड आमच्या झेनमध्ये वाजला, तो त्या ठरलेल्या मापांमुळे. ज्या खाचेला मी अडगळ म्हणत होते, तिच्यातूनच माझी गाणी आत गेली. हे कळलं तेव्हा मला बाबांचा तो प्रश्न आठवला आणि मनापासून वाईट वाटलं.

काही गोष्टी वापरून कळल्या. डॉल्बीचं बटण बंद हवं, नाहीतर वरचे स्वर दबतात. आयपॉडचा आवाज पाऊणपर्यंत ठेवावा. फार कमी ठेवला तर स्टिरिओची खरखर वर येते, पूर्ण वाढवला तर सूर फाटतो. गाडीतच चार्जिंगला लावला की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिट्टी ऐकू येते, कारण चार्जर आणि स्टिरिओ यांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं जातं. आम्ही आयपॉड घरून चार्ज करून न्यायला लागलो. हेड मात्र स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने बाबाच पुसतात.

पुढच्या वेळी साताऱ्याला निघालो. खंबाटकीपर्यंत माझी गाणी झाली. घाट संपल्यावर मी स्वतःच अ‍ॅडाप्टर काढला, वायर गुंडाळली आणि विचारलं, "बाबा, आईची कुठली लावू?"

"निळ्या शाईने लिहिलेली," ते म्हणाले. "बी बाजू."