तीर्थनच्या पाण्यात बिनरिळाची काठी

मंगरूळपीरच्या माणसाची आणि ट्राउट माशाची गाठ पडावी असं काहीच कारण नाही. या माशाला बाराही महिने गार, वाहतं पाणी लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर, आणि नदी म्हणजे रेती, गोटे अन् मधेच एखादा हिरवा डोह. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला. काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला जाते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेच्या वाटेनं बंगालच्या उपसागराकडे. दोन समुद्रांना पाणी देणारा जिल्हा, हे ऐकायला झकास वाटतं. दिवाळी उलटली की देण्यासारखं पाणी उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

तरी ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी उरकली, तूर शेतात उभी होती, आणि मी हिमाचलात मासे धरायला निघालो. याला जबाबदार माझा भाचा. तो टोकियोत नोकरीला असतो. सुट्टीवर आला तो हातभर लांबीची एक नळी घेऊन. अंगणात उभा राहून त्यानं नळीतून नळी ओढत नेली, तशी ती बारा फुटांची लवलवती काठी झाली. वजन शंभर ग्रॅमच्या आत. टोकाला दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला गळ. संपलं. रीळ नाही, काठीला दोरा ओवायच्या कड्या नाहीत.

शेजारचे दादा बघत होते. म्हणाले, "इतकी महागाची काठी, अन् याले फिरकीच नाई? अशी त नदीवरचे पोट्टे बांबूची करतात."

दादांचं चूक नव्हतं. अरुणावतीच्या डोहावर मी लहानपणापासून हेच पाहिलंय : बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, गळाला गांडूळ. जपानच्या डोंगरातले व्यावसायिक कोळीही असेच, बांबूची काठी आणि घोड्याच्या केसांचा वळलेला दोरा घेऊन ओढ्यात उतरत आणि धरलेले मासे खालच्या गावांतल्या खानावळींना, धर्मशाळांना विकत. हीच तेन्कारा. इंग्रज मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटो याच्या १८७८च्या डोंगरप्रवासाच्या टिपणांत तिचा उल्लेख सापडतो. जपानबाहेर मात्र ती फार उशिरा गेली. २००९ साली डॅनियल गॅलहार्डो यानं अमेरिकेत या काठ्या विकायला सुरुवात केली, आणि पाण्यात उतरण्याआधी हजारो रुपयांची सामग्री अंगावर चढवणाऱ्या हौशी मंडळींना अचानक साधेपणाचं वेड लागलं. पोटासाठी काढलेली युक्ती साहेबाच्या हातात गेली की तिचं तत्त्वज्ञान होतं. पण तो विषय लांबेल.

आमच्या बांबूत आणि तिच्यात फरक आहे तो गळाच्या टोकाशी. तिथं गांडूळ नसतं, केबारी म्हणजे नकली माशी असते : गळावर दोरा गुंडाळून बांधलेलं पीस, पाण्यातल्या किड्याचा भास करून देणारं. भाच्यानं ती आमच्या ओसरीतच बांधली. घरच्या गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं, शिवणकामाचा काळा दोरा, आणि आकडा चिमट्यानं दाबून सपाट केलेला गळ, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. पीस त्यानं उलटं बांधलं, तंतू मागे न झुकता पुढे, गळाच्या डोळ्याकडे उघडणारे. दोऱ्याला जरा हिसका दिला की ते तंतू मिटतात, सोडला की उघडतात, आणि पाण्यातल्या माशाला वाटतं काहीतरी जिवंत हलतंय. जपानमधले नावाजलेले शिक्षक हिसाओ इशिगाकी म्हणे वर्षभर एकाच तऱ्हेची केबारी वापरतात. माशी बदलत बसण्यापेक्षा ती कुठं टाकायची ते बघा, असं त्यांचं म्हणणं. मला हे ऐकताच पटलं. पेट्या भरभरून सामान नेणाऱ्यांबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट आहे.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. मंगरूळपीरहून शेलूबाजार, तिथून समृद्धीवरून नागपूर, नागपूरहून दिल्लीची गाडी, दिल्लीहून रात्रीची कुलू-मनालीकडची बस. समृद्धीवर पेंगत गेलो आणि हिमाचलच्या वळणांवर रात्रभर जागा राहिलो. पहाटे औटला, बोगद्याच्या तोंडाशी उतरलो तेव्हा शहारा आला. स्वेटर पिशवीच्या तळाशी होता. चहा घेऊन जीपनं लारजी, पुढे बंजार आणि मग गुशैणी. लारजीला तीर्थन आणि सैंज या दोन्ही नद्या बियासच्या खोऱ्यात येऊन पडतात. तिथून वर तीर्थनच्या काठानं रस्ता चढत जातो आणि पाणी अखंड उजव्या-डाव्या हाताला गर्जत राहतं. आमच्याकडे नदीचा असा आवाज ऐकायचा तर श्रावणातल्या पुरात काठावर जावं लागतं.

तीर्थन वाहती राहिली ती आपोआप नव्हे. या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पांची रांग लागायची होती. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि नदी मोकळी राहिली. शेजारचं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. धरणं वाईट असं मी म्हणणार नाही. वऱ्हाडात बसून तसं म्हणणाऱ्यानं उन्हाळ्यात आमच्याकडे एक टँकर उतरवून घ्यावा. पण एखादी तरी नदी मुळापासून संगमापर्यंत आपल्या चालीनं जाते, हे डोळ्यांनी बघायला मी आणखी लांब गेलो असतो.

आणि गंमत अशी की ज्या माशासाठी आम्ही गेलो तो तिथला नाहीच. ट्राउट साहेबाबरोबर आला. काश्मीरला १८९९मध्ये इंग्लंडहून पाठवलेली अंडी वाटेतच मेली, १९००च्या खेपेतली जगली. पुढे १९०९मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं काश्मीरची अंडी कुलूत आणून पतलीकुहलच्या परिसरात वाढवली आणि मासे नद्यांत सोडले. तिथला मूळचा मासा गुगली. तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. हा पाहुणा किडे खातो, लहान मासे खातो, आणि सगळा पैसा, परवाने, होमस्टे याच्याच नावावर उभे आहेत. गुगलीचा फोटो तिथल्या एकाही पाटीवर दिसला नाही.

मत्स्य विभागाचा दिवसाचा परवाना काढून आम्ही सकाळी पाण्यात उतरलो. भाच्यानं आधी काठी उघडलीच नाही. वाकून त्यानं पाण्यातला एक चपटा दगड उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. दगडाच्या ओल्या पोटाला वाळूच्या कणांच्या इवल्या नळ्या चिकटलेल्या होत्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या. कण एकमेकांना इतके नीट जुळवलेले की गवंड्यानं बघत राहावं. एका नळीच्या तोंडातून काळं डोकं आणि सहा पाय बाहेर आले, हवा लागली तसे आत गेले. "मामा, हे यायचं जेवण. ही अळी मोठी होऊन उडते, तवा मासे वर येतात." दगड त्यानं होता तसा, होता तिथं ठेवला.

मग खालून वर चालायचं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, पाणी जे वाहून आणेल ते खातो; म्हणून त्याच्या पाठीमागून जायचं, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. डोहावरच्या गळाची सवय इथं काही कामाची नाही. डोहात आपण बसतो आणि मासा येतो. इथं पाणीच थांबत नाही. मोठ्या धोंड्याच्या दोन्ही अंगांनी प्रवाह फाटतो, त्याच्या मागे हातभर रुंदीची संथ पट्टी तयार होते. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासून जातात, त्या रेषेवर मासा असतो. मेहनत कमी, खाणं दारात. केबारी त्या रेषेच्या जरा वर टाकायची आणि दोरा पाण्याला टेकू द्यायचा नाही, फक्त माशी पाण्यात. लांब काठीचा सगळा उपयोग हाच. दोरा मधल्या वेगवान पाण्यात पडला की प्रवाह त्याला ओढतो, माशी किड्यासारखी वाहायची सोडून बोटीसारखी पळते, आणि मासा हलत नाही.

काठी फेकायला ताकद लागत नाही. तर्जनी मुठीच्या वर सरळ ठेवायची, हात मागे डोक्याच्या रेषेपर्यंत, क्षणभर थांबा, आणि पुढे अर्ध्यातच अडवायचा. बाकी काम काठी करते. हे लिहायला सोपं. सकाळभर माझी केबारी मागच्या देवदाराला आणि शेजारच्या झुडपाला भेटून येत होती. आम्ही उतरलो होतो त्या होमस्टेवाल्यांचा शाळकरी मुलगा काठावर बसून हे सगळं मोठ्या आवडीनं बघत होता.

दुपारनंतर ऊन खोऱ्यात उतरलं आणि पाण्यावर बारीक किडे दिसू लागले. एका धोंड्यामागे केबारी पडली, दोन हात वाहिली, आणि दोरा मधेच थबकला. टोचणी नाही, झटका नाही. दोरा फक्त थांबला. मनगट वर केलं तर काठी मुठीपर्यंत वाकली. रीळ नसलं की मासा आणि आपण यांच्यात लपायला काही राहत नाही. तो डावीकडे गेला की आपणही दगडावरून दगडावर डावीकडे. शेवटी काठी मागे टेकवून दोरा हातानं धरला आणि त्याला जवळ आणलं.

वीतभर लांबीचा ब्राउन ट्राउट. भाच्यानं आधी माझे हात पाण्यात बुडवायला लावले. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. पिवळसर तपकिरी अंग, पाठीवर काळे ठिपके, कुशीवर तांबडे, आणि प्रत्येक तांबड्या ठिपक्याभोवती फिकट कडं, कुणी आधी पांढरा गोल काढून मग आत कुंकू भरावं तसं. कल्ले दोनदा उघडले, आणि मी बोटं सैल करायच्या आधीच तो निसटला.

मुलगा काठावरून ओरडला, "अंकल, छोड़ दिया? इतना तो सब्ज़ी में आ जाता!"

त्याला काठी दिली. त्याच्या आयुष्यात त्यानं ही वस्तू पहिल्यांदा हातात घेतली असेल, पण त्या धोंड्यांना तो जन्मापासून ओळखत होता. फेकणं माझ्यापेक्षा बेढब, आणि माशी पडायची ती नेमकी हवी तिथं. थोड्याच वेळात त्यानं माझ्यापेक्षा मोठा मासा काढला, भाच्याकडे बघून, जरा नाखुशीनं, सोडूनही दिला. इशिगाकींचं म्हणणं मला तेव्हा पुरतं पटलं. मंगरूळपीरच्या भोई पोरालाही डोहाच्या कुठल्या अंगाला मरळ बसतो ते असंच ठाऊक असतं. त्याच्या हाती जपानी काठी दिली काय नि बांबू दिला काय.

रात्री जेवायला ट्राउटच होता, पण मत्स्यशेतीतला. हिमाचलात १९८९च्या सुमारास नॉर्वेच्या मदतीनं पतलीकुहलला रेनबो ट्राउटची शेती सुरू झाली. आता खोऱ्याखोऱ्यांत सिमेंटच्या लांबट हौदांतून ओढ्याचं पाणी फिरवून तो वाढवतात. यजमानीणबाईंनी हळद-मीठ लावून राईच्या तेलात तळला होता. चव सौम्य, काटे कमी. खरं सांगायचं तर आमच्याकडच्या मरळाच्या झणझणीत रश्शापुढे तो मला फिकाच वाटला. भाचा म्हणाला, "मामा, असं इथं बोलू नका." मी आणखी एक तुकडा घेतला.

दुसऱ्या दिवशी मत्स्य विभागाचा रखवालदार परवाना बघायला आला. कागद नीट वाचला, तारीख तपासली, मग काठी हातात घेऊन शेंड्यापासून मुठीपर्यंत बोट फिरवलं. "रील कहाँ है?" नाहीच म्हटल्यावर त्याला हसू आवरेना. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद, मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा यायचं तर मार्चात या, असं त्यानं बजावलं. मार्चात आमचा गहू-हरभरा काढणीला येतो, हे मी त्याला सांगितलं. "तो फिर सितंबर," तो म्हणाला. सप्टेंबरात सोयाबीन. त्यानं क्षणभर विचार केला आणि काठीनं वरच्या लाकडी पुलाकडे दाखवलं : इथं उभं राहून काही मिळणार नाही, पुलाच्या वर डाव्या अंगाला जा, आज संध्याकाळपर्यंत तिथलंच पाणी चांगलं आहे. आम्ही गेलो.