धाब्यावरची पांढरी

मृगाच्या आधी आजीच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, नवी खारी माती पडायची. गिरणाकाठच्या आमच्या गावाबाहेर पांढरीचं टेकाड होतं. तिथून बैलगाडीनं माती यायची. राखाडी, भुसभुशीत, जिभेला खारट. तिच्यात गवत धरत नाही आणि चोपून बसवली की पाऊस आत उतरत नाही. एका वर्षी त्या मातीत बोटभर खापर निघालं. लाल अंगावर तीन काळ्या रेघा. टिचकी मारली तर खणकन वाजलं. आजी म्हणाली, "हाई पांडवस्ना येळनं शे, भाऊ."

जुनं मोजायला तिच्याकडे तेवढंच माप होतं. एरंडोल म्हणजे एकचक्रा नगरी, आणि भीमानं बकासुर मारला तो तिथंच, पद्मालयाच्या रानात. यात तिला शंका नव्हती.

पुढे वाचनात आलं, चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला १९५२-५३ साली पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी असंच टेकाड खणलं होतं. तळाशी ताम्रपाषाण काळाची वस्ती, तिच्यावर लोखंडाच्या काळाची, वर थेट मध्ययुगापर्यंतची. नदीपल्याड टेकवाड्याला त्या जुन्या माणसांची दफनं. धुळ्याकडे, साक्री तालुक्यातल्या कवठ्याला, जमिनीत खड्डा घेऊन उभारलेल्या झोपड्यांचे तळ. ताम्रपाषाण काळातलं हे सगळं तीन हजार वर्षांपलीकडचं.

काळीत पीक, पांढरीत माणूस. घर पडतं, त्यावर दुसरं उठतं. कुडाची माती, शेण, चुलीतली राख साचत जाते आणि जमीन पांढरी होते. म्हणजे आमच्या डोक्यावरचा पाऊस कुणाच्या तरी चुलींची राख अडवत होती. अभ्यासक ज्या थरांवरून ब्रश फिरवतात, ते आम्ही फावड्यानं गाडीत भरले. ही खंत उशिरा आली.

आजी गेली, घर बंद पडलं. दोन पावसाळ्यांपूर्वी धाबं खचलं. मी गेलो तेव्हा सगळी खारी खाली आली होती, नेमकी चुलीवर. थर उलटे झाले होते: तीन हजार वर्षांपूर्वीची राख वर, आजीची खाली. उद्या इथं कुणी खणलं तर त्याला हे कोडं सुटायचं नाही. ते रेघांचं खापर मी खिशातून नेलं होतं. चुलीच्या जागी ठेवलं आणि निघालो.